डोहोबाला नोटीस

तुमच्या घरातली पोथी तुम्ही शेवटची कधी वाचलीत? पूजा कधी केलीत ते विचारत नाही. लाल फडक्यातून काढून, एकेक पान उलटत, तिच्यात कोणी कोणाला काय शिक्षा दिली आणि कशासाठी दिली हे कळेपर्यंत कधी वाचलीत?

हा प्रश्न माझा नाही. माझा असता तर मी तो भांडणाच्या सुरात विचारला असता आणि तुम्ही पान उलटून पुढे गेला असता. हा प्रश्न आमच्या शेजारच्या भानुदासतात्यांचा. तो ते इतक्या शांतपणे विचारायचे की समोरच्याला आपल्या घरी पोथी असल्याचीच लाज वाटायची, आणि नसल्याची तर त्याहून जास्त.

तात्या तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव फिरायचं, दारात उभं राहून माणसाचं पूर्ण नाव पुकारायचं, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. कोणी कागद घेत नसेल, आतून कडी लावून बसला असेल, तर दोन पंच उभे करून कागद त्याच्या दाराला डकवायचा. जन्मभर हेच काम. निवृत्त झाल्यावर सायकल आणि खाकी कापडी पिशवी तेवढी सुटली, पुकारा सुटला नाही. चहा हवा असला तर तात्या ओट्यावरून बायकोला हाक मारायचे, "अनसूया भानुदास, राहनार हितंच."

आतून अनसूयाकाकू म्हणायच्या, "हजर न्हाई. पीठ मळतीय."

"मग तारीख सांगा."

"तारीख काय सांगू, दूध संपलंय. आधी दूध आना."

आमचं गाव बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला, उसात बुडालेलं. नदीला इथे एक डोह आहे आणि डोहाच्या काठावर डोहोबाचं देऊळ. हा देव आमच्या गावाबाहेर कोणाला माहीत नाही, पण त्याची स्वतःची पोथी आहे. गावातल्याच कोणा जुन्या माणसाने रचली, पुढच्या पिढीने छापून घेतली. श्रावणात रोज दुपारी सभामंडपात ती लागते. एकजण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं. अध्याय संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या गावात जन्मलेल्या कोणालाही तो सांगावा लागत नाही. पोथीत अशीच एक मधेच उठलेली सून आहे आणि तिच्या नवऱ्याचे डोळे गेलेले आहेत.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील कारखान्याच्या कामगार युनियनचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरात धान्याच्या कोठीत धान्य कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं गिरवली ती 'जागे व्हा'ची. वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपवता येतं, हे मला बरंच उशिरा कळलं. कॉलेज संपवून संगमनेरहून गावी परत आल्यावर पहिलं काम केलं ते डोहोबाच्या पोथीविरुद्ध पत्रक लिहायचं. मथळा होता 'पोथ्या जाळा'. गावात देव न मानणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता, म्हणून पहिली प्रत तात्यांना नेऊन दिली.

ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता बाजूला ठेवला, चष्मा लावला, पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पाठची बाजूही बघितली, ती कोरी होती.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "अक्षर ठळक हाय."

"आणि मजकूर?"

"मजकुरात समदे हुकूमच हायत. साक्षीपुरावा कुठाय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू वाचली का पोथी?"

"त्यात वाचण्यासारखं काय आहे, तात्या?"

"म्हंजे आरोपीचं तोंड बघितलं न्हाई आनि फाशी लिहून मोकळी. पोरी, तू तर डोहोबाच झाली की."

ते आत गेले आणि स्वतःची पोथी घेऊन आले. ती फुगून दुप्पट झाली होती. पानापानांत एसटीची जुनी तिकिटं खोचलेली. मला वाटलं, खुणेला असतील. खुणेलाच होती. जिथे देवाने कोणाला शिक्षा केली आणि त्याआधी त्या माणसाला काहीच सांगितलं नव्हतं, तिथे तिथे एक तिकीट.

"नोकरीत हिंडलो ती तिकिटं," ते म्हणाले. "पुरली न्हाईत. काकूकडं माहेरची मागावी लागली."

तात्यांचा सगळा नास्तिकपणा एवढ्या एका प्रश्नात मावायचा: नोटीस बजावली होती का? देव आहे की नाही यावर ते वाद घालत नसत. मी घालायला गेले की म्हणायचे, "आसू दे की त्यो. आसला तर कामकाज नीट चालवाया नको का?" पोथीतल्या सोनाराने देवाला हसून वाकडं तोंड करून घेतलं, यावर त्यांचं म्हणणं होतं की हसल्याबद्दल आधी समज द्यायला पाहिजे होती, आणि एवढ्या तेवढ्या कारणाला तोंड वाकडं ही शिक्षा कुठल्या कलमात बसते ते दाखवा. देवळात जाताना मात्र चपला न चुकता काढायचे. मी एकदा त्यांना यावरून टोचलं, तर म्हणाले, "देवासाठी काढतोय व्हय? देवळाची फरशी पुसाया तुळसा येती, तिच्यासाठी काढतो."

अनसूयाकाकूंचं सगळं उलट. श्रावणातले सोमवार, एकादशी, चतुर्थी, संकष्टी, काकू एकही उपवास सोडत नसत. श्रावणी सोमवारी आख्ख्या गावात कोणाच्याच चुलीवर तवा चढायचा नाही. फक्त काकूंच्या चुलीवर एका माणसापुरती बाजरीची भाकरी व्हायची, ती तात्यांची. काकू ती थापताना दर सोमवारी तेच बोलायच्या, "मेल्यावर ह्यांच्यापायी मलाच जाब द्यावा लागनार हाय वर." आणि तात्या दर सोमवारी तेच उत्तर द्यायचे, "समन्स माझ्या नावाचं आसंल. तुमी घेऊ नका."

ही नोटिशीची गोष्ट त्यांच्या डोक्यात कुठून बसली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांत ते एका म्हाताऱ्याच्या घराचा ताबा घ्यायला गेले होते. निकाल एकतर्फी झालेला. कागदोपत्री नोटीस डकवलेली होती. डकवणारा बेलीफ दुसरा होता, आणि त्याने ती नाक्यावरच्या हॉटेलात बसून डकवली होती, म्हणजे डकवलीच नव्हती. भांडी बाहेर निघत होती तेव्हा म्हातारा दाराच्या चौकटीला धरून एकच वाक्य बोलत राहिला, "मला कुनी सांगितलंच न्हाई." रागाने नाही, रडूनही नाही. आपलंच काहीतरी चुकलं असावं, अशा आवाजात. हे सांगताना तात्यांचा अडकित्ता थांबला होता. मग ते म्हणाले, "म्या घर खाली केलं. हुकूम हुता." आणि सुपारी न खाताच उठले.

अशा माणसाला गावाने पोथीचा अर्थ सांगायला बसवावं, हे आमच्याच गावात होऊ शकतं. कारण अगदी साधं होतं. अर्थ सांगणारे नानामहाराज मोतीबिंदूच्या ऑपरेशनला संगमनेरला गेले. ओव्या वाचायचे बाबूकाका, त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नसे. मागे बसलेल्या बायका ओरडू लागल्या की आम्हाला नुसतं हलणारं तोंड दिसतंय. गावात मोठा आवाज एकाचाच. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, मोठे बागायतदार, स्वतः तात्यांकडे आले.

"तात्या, श्रावण संपंस्तोर अर्थ सांगा. पन तुमचा न्हाई, पोथीचा सांगायचा."

"पोथीचाच सांगतो. माझं काय हाय त्यात?"

पहिल्या दुपारी अध्याय निघाला तो गुळाचा. एका शेतकऱ्याने नव्या गुळाची पहिली ढेप डोहोबाला दिली नाही, देव कोपला, त्याची विहीर आटली. बाबूकाकांनी ओव्या संपवल्या. तात्या खांबाला पाठ टेकून बसले होते, त्यांनी कोर्टातला आवाज लावला आणि डोहाच्या पलीकडच्या उसात काम करणाऱ्यांनीही वर पाहिलं.

"तर अर्थ आसा. ह्या मानसानं ढेप दिली न्हाई. देवानं विहीर आटवली." ते थांबले. "बाबू, मागं बघा बरं. ढेप द्यायची आसती आसं त्याला आधी कुनी सांगितलं हुतं का?"

बाबूकाकांनी भाबडेपणाने पानं मागे उलटली. "तसं काय दिसत न्हाई."

"सपनात येऊन?"

"सपान न्हाई ह्या अध्यायात."

"पुजाऱ्याकडून निरोप?"

"न्हाई."

"बरं. मग अर्थ येवढाच. पुढची ओवी घ्या."

पुढची ओवी कोणी घेऊ दिली नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "आरं पन त्या विहिरीवर त्याची आई पानी भरत आसंल की. तिनं काय केलतं?"

"ते पोथीत न्हाई, आजी. पन तुमचं इचारनं रास्त हाय."

"आनि म्हशी?" दुसरी म्हणाली.

मग सभामंडपात म्हशींवर चर्चा झाली. डोहोबाने म्हशींचा विचार करायला पाहिजे होता, यावर सगळ्या बायकांचं एकमत झालं. त्यातली एकही नास्तिक नव्हती. उठताना सगळ्यांनी डोहोबाला नमस्कार केला, फक्त जरा संशयाने.

दुसऱ्या दिवसापासून मंडप पुरेना. लांबच्या वस्तीवरच्या बायका दुपारची खुरपणी आटोपून यायला लागल्या. आप्पासाहेबांची पंचाईत झाली. तात्यांना थांबवावं तर एवढी गर्दी पोथीला कधी झाली नव्हती, आणि न थांबवावं तर देवाची रोज तपासणी चाललेली. शेवटी ते म्हणाले, "बोलतोय पोथीचंच," आणि तात्यांच्या समोरच जागा धरून बसायला लागले.

याच श्रावणात सुरेखा मधेच उठली.

सुरेखा म्हणजे आमच्या गल्लीतल्या गयाबाईंची सून. माहेर कर्जतच्या बाजूचं, कोरडवाहू. आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि तिला दिवस गेले होते. अध्याय चालू असताना तिला मळमळलं. तिने तोंडाला पदर लावला, उठली, बाहेर जाऊन पायरीखाली ओकली, चूळ भरली आणि परत येऊन बसली. मंडपातल्या माना तेवढ्या वळल्या.

त्याच आठवड्यात तिचा नवरा संतोष कॅनॉलच्या पुलाजवळच्या खड्ड्यात मोटरसायकलसकट पडला. पाय मोडला. प्लास्टर घालून त्याला घरी आणलं, त्याच संध्याकाळी गयाबाईंनी निकाल दिला. संतोषचा पाय भुईला लागेपर्यंत सुरेखाने दिवसभर पोटात काही घ्यायचं नाही. दिवेलागण झाल्यावर मूठभर भगर, तेवढीच. शिवाय रोज दुपारी ओलेत्याने देवळाला फेऱ्या.

आरोग्य केंद्राच्या आशाताई सांगून आल्या की हिच्या अंगात रक्त आधीच कमी आहे, अशानं पोटातल्या लेकराला धोका आहे. गयाबाई म्हणाल्या, "लेकराच्या बापालाच धोका हाय, त्याचं काय?" संतोष खाटेवरून कण्हत म्हणाला, "आये, खड्डा हुता गं." त्यालाही गप्प बसवलं. फेऱ्या मारताना सुरेखा भिंतीला हात लावून चालताना मला दिसली. मी घरी आले आणि पत्रक लिहायला घेतलं. मथळा लिहिला, 'आणखी एक बळी', आणि तात्यांना दाखवला.

"बळी गेला?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, पण..."

"मग मथळ्याची येवढी घाई? चल, आधी तिला भेटू."

गयाबाई गोठ्यात होत्या. सुरेखा ओसरीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. तात्या समोर उकिडवे बसले. "काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग, पोरी."

ती खालीच बघत म्हणाली, "आमच्याकडं न्हाई आसं काय. आमच्याकडं उठत्यात मदीच. मला कुनी सांगितलंच न्हाई."

 मी वाट बघत होते की आता तात्या गयाबाईंशी बोलतील, पंचायतीत जातील, निदान चिडतील तरी. ते उठले, घरी गेले आणि काकूंना म्हणाले, "वाईच खळ करा."

"खळ? काय डकवायचंय?"

"नोटीस."

"आता कुनाला?"

"डोहोबाला."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग सुरेखाचं सगळं ऐकलं, आणि मैद्याची खळ शिजत ठेवली.

कागद साधा होता. तात्यांनी त्यावर शिक्का मारला नाही, कोर्टाचं नाव घातलं नाही. "खोटा कागद म्या करत न्हाई," म्हणाले. वर लिहिलं, 'गावाच्या माहितीसाठी.' खाली मजकूर: डोहोबा, राहणार डोहाकाठ, यांनी सुरेखा संतोष हिला अध्याय चालू असता न उठण्याबद्दल आगाऊ समज दिली असल्यास तिचा पुरावा घेऊन येत्या सोमवारी दुपारी पोथीनंतर हजर राहावं, न राहिल्यास एकतर्फी ऐकलं जाईल. पंच म्हणून एक मी. दुसरं नाव ते काकूंचं लिहायला लागले तर काकू म्हणाल्या, "माझं नगा लिहू. मी देवाची मानूस हाय."

"पंच तसाच लागतो. न्हाईतर म्हनतील दोनीबी पंच फिर्यादीच्या बाजूचे."

काकू देवळात गेल्या, आधी डोहोबाच्या पाया पडल्या, मग दारात येऊन खळीची वाटी धरून उभ्या राहिल्या. तात्यांनी नोटीस दाराच्या फळीला डकवली, हाताने नीट दाबली आणि मूर्तीकडे बघून म्हणाले, "बजावली."

आता आमच्या गावाचं एक सांगते. बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, सामाईक विहिरीवरून दावा नाही असं घर आमच्याकडे शोधून सापडणार नाही. कोर्टाचा कागद दाराला लागला की माणसाला जेवण जात नाही, हे लहान पोरांनाही माहीत. आणि हा कागद लावणारा कोण, तर भानुदास बेलीफ. गाव हादरलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो फिरला. देवावर केस पडली म्हणून लांबच्या वस्तीवरून माणसं बघायला आली. पण वाचला कोणी? देवळाच्या दाराला लागलेला कागद, म्हणून येणाऱ्या बाया आधी त्याला हळदकुंकू वाहायच्या, मग आत जायच्या. दोन दिवसांत त्यातली एक ओळ दिसेना. कोणी कोपऱ्यात फूलही खोचलं होतं. पोथीचं जे झालं होतं तेच नोटिशीचं झालं.

आप्पासाहेबांनी वकिलांना फोन लावला. त्यांचा बांधाचा दावा इतकी वर्षं चालू होता की वकील घरच्यासारखेच झाले होते. वकिलांनी विचारलं, शिक्का आहे का कागदावर? आप्पासाहेब म्हणाले, "कुंकू हाय. खालचं काय दिसत न्हाई."

सोमवार आला. मंडपात मुंगीला जागा नव्हती. संतोषला शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. सुरेखा खांबाशी बसली होती, ओलं लुगडं अंगावरच वाळत होतं. गयाबाई तिच्यापासून जरा लांब. बाबूकाकांनी अध्याय संपवला, पोथी मिटली. तात्या उठले, उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी पुकारा केला. देवाचं नाव, राहण्याचं ठिकाण, हजर व्हा. आवाज डोहावर जाऊन परत आला. तेवढ्या वेळात माझ्यासकट सगळ्यांनी गाभाऱ्याकडे पाहिलं, हे मी इथे लिहून ठेवते.

बाबूकाका उठून उभे राहिले. "मी हाय देवाच्या वतीनं."

"वकीलपत्र हाय?"

"त्ये कसं आसंल?"

"मग बसा."

आप्पासाहेबांना राहवेना. ते आयुष्यभर जे मागत आले तेच त्यांनी मागितलं. "मुदत द्या, तात्या. एक तारीख द्या."

"तुमच्या बांधाला दिली आसती, आप्पा. बांध कुठं जात न्हाई. हिच्या पोटातलं लेकरू तारखंवर थांबत न्हाई."

आप्पासाहेब खाली बसले. तात्या मंडळींकडे वळले. "त्या पुलाजवळच्या खड्ड्यात आजवर कोन कोन पडलंय? हात वर करा."

आधी एक हात वर झाला, मग चार, मग निम्मा मंडप. बाबूकाकांनीही पोथी काखेत धरून हात वर केला. सरपंच हळूच मागच्या मागे सटकायला लागले, त्यांना पोरांनी धरलं.

"ह्यातल्या कुना कुनाची बायकू पोथीतून उठली हुती?"

हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, "माझी तर पोथीला येतच न्हाई," आणि त्याच्या बायकोने मागून, "म्हनूनच पडला," असं उत्तर दिलं. संतोषही हसला. गयाबाई हसल्या नाहीत. तात्यांनी हसू संपू दिलं. मग आवाज एकदम खाली आणला, तो त्यांचा आवाजच वाटेना.

"देव हजर न्हाई. देव काय बोलला आसं कुनी ऐकलंबी न्हाई. मग हिला शिक्षा सुनावली कुनी?"

 आप्पासाहेब फरशीकडे बघायला लागले. बाबूकाका पोथीचं फडकं घट्ट करायला लागले. मग गयाबाई म्हणाल्या, "म्या."

संतोषने खुर्चीतून वळून आईकडे पाहिलं.

"म्याच म्हनले. त्याला दवाखान्यातून आनला, पाय आसा लोंबत हुता..." त्यांनी हाताने दाखवलं आणि हात तसाच राहिला. "एकुलता हाय त्यो. काय करायचं मानसानं?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "गयाबाई, तुमी हिला आधी सांगितलं हुतं का, हितं मदी उठत न्हाईत म्हनून?"

"ध्यानातच आलं न्हाई. हितल्या समद्या पोरींना ठावं आसतं."

"ही हितली न्हाई."

गयाबाईंनी सुरेखाकडे पाहिलं. मला वाटतं, प्लास्टर घातल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "ही कर्जतकडची हाय."

"मग झालं," तात्या म्हणाले. "नोटीस न्हाई. शिक्षा रद्द. हिला आत्ता, हितं, समद्यांसमोर जेवाया घाला."

आणि इथे सगळा गाव अडला. श्रावणी सोमवार. कोणाच्याच घरात शिजलेलं काही नाही. पोटुशीला पुन्हा भगरच घालायची का, यावर बायकांची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात काकू उठल्या, घरी गेल्या आणि फडक्यात बांधलेलं ताट घेऊन आल्या. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. त्या दिवशी सगळ्या गावात तेवढंच एक जेवण होतं. गयाबाईंनी ताट काकूंच्या हातातून घेतलं, भाकरी मोडली, सुरेखासमोर ठेवली आणि तांब्यात पाणी आणायला गेल्या. सुरेखा डोहोबाच्या समोर बसून, सोमवारी, कांद्यासकट जेवली. देवाने काही केलं नाही.

संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला. "अनसूया भानुदास, माझं ताट?"

"गेलं की देवळात. भगर हाय, खायाची तर खा."

"आसं कसं? मला आधी सांगितलं न्हाई."

"आता सांगतीय. बजावली समजा."

तात्यांना आयुष्यातला पहिला उपवास असा घडला, आणि काकूंनी तो पुढे कित्येक दिवस गल्लीभर सांगितला.

नानामहाराज डोळे बरे करून परतले, पण बायकांनी तात्यांना सोडलं नाही. पुढे आवाज होता तोवर दर श्रावणात अर्थ तात्यांनीच सांगितला. मागच्या श्रावणात त्यांना चालवत नव्हतं, लोक खांबाजवळ त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचे. पोथीला मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. बाबूकाका वाचत होते. अध्याय तोच होता, मधेच उठलेल्या सुनेचा. सुरेखाची पोर आता चांगली पळती झाली आहे. ती आईच्या मांडीवरून उठली आणि सगळ्यांच्या मधून पैंजण वाजवत बाहेर धावली, परत आली, पुन्हा धावली. बाबूकाका थांबले. मंडपातल्या सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा आवाज तोवर पार गेला होता. त्यांनी नुसता हात वर केला आणि बोटाने पुढे चला अशी खूण केली. मग ओव्या संपल्यावर मागून गयाबाईंनी विचारलं, "बाबूकाका, त्या सुनंला आधी सांगितलं हुतं का वो?" तात्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीवर मागे टेकले. मी जवळ बसले होते. ते हसत होते.

दिवाळीआधी ते गेले. काकू अजून सोमवारी एक भाकरी करतात, सवयीने. ती गल्लीतलं कोणीतरी खातं, बहुतेक वेळा मी.

म्हणून आता तुमच्याकडे एक मागते, आणि उद्गारचिन्ह न देता मागते. तुमच्या घरात पोथी असेल तर ती या श्रावणात काढा आणि वाचा. जिथे शिक्षा येईल तिथे थांबा, जुनं तिकीट खोचा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, की ह्याला आधी सांगितलं होतं का. आणि तुमच्या गल्लीत कोणी सून अशी कोणाच्या तरी पायासाठी, कोणाच्या डोळ्यांसाठी उपाशी बसवलेली असेल, तर पोथी तशीच उघडी ठेवा आणि आधी तिच्याकडे ताट घेऊन जा. वार कोणता आहे ते बघू नका.